आम्ही तिघी आणि इंजिनाचं माउंटिंग

रोज एकाच गाडीनं शाळेला ये-जा करणाऱ्या माणसांकडं किस्से किती साठतात, हे एस.टी.नं जाणाऱ्याला कळायचं नाही. एस.टी.त माणसं बदलतात. आमच्या गाडीत तीच तीन डोकी, त्याच जागा, तेच डबे. त्यामुळं एखादी गोष्ट घडली की ती तिथंच राहते. काचा खाली केल्या तरी बाहेर जात नाही!

मी सुरेखा. राहायला मुकुंदवाडीत, शाळा कन्नडच्या अलीकडच्या एका गावात. गाडी माझ्या नवऱ्याची. तो नोकरीला पुण्यात, पंधरा दिवसांनी येतो, त्यामुळं चालवायला मीच. शेजारच्या सीटवर शबाना, गणिताची शिक्षिका. मागं एकट्या ठोंबरे मॅडम, मराठीच्या. आमच्यात सगळ्यात मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गाडीचं वय म्हणाल तर आठवीतल्या पोरांपेक्षा जास्त.

लोकांना हे किस्से सांगितले की ते हसतात. आता आम्हीही हसतो. पण खरं सांगू? त्या महिन्याभरात मी जेवढी घाबरले, तेवढी बाळंतपणालाही घाबरले नव्हते.

*

सुरुवात झाली ती एका स्पीड ब्रेकरवर.

शाळा सुटून परत येत होतो. ब्रेकर ओलांडला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पायाखालून आवाज आला. धप्प! कुणीतरी आतून लाथ मारावी तसा.

"काय गं ते?" ठोंबरे मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, दगड असेल."

पुढच्या ब्रेकरला परत. धप्प! आता दगड कसा असेल? दगड काय आमच्याबरोबर प्रवास करतोय?

ठोंबरे मॅडम एकदम पुढं सरकल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि कानात म्हणाल्या, "सुरेखा, डिकीत कुणीतरी आहे."

दिवसभर गाडी शाळेच्या कंपाउंडबाहेर उभी असते. डिकीचं लॉक सहा महिन्यांपासून बिघडलेलं. मी गाडी बाजूला घेतली. आजूबाजूला कपाशी आणि मका, माणूस नाही. तिघी खाली उतरलो आणि डिकीपासून दहा पावलांवर जाऊन उभ्या राहिलो.

पाच मिनिटं कुणीच हललं नाही. शेवटी शबानानं पायातली सँडल काढून हातात घेतली, पुढं गेली आणि झटक्यात डिकी उघडली.

आत स्टेपनी, जॅक आणि नवऱ्याची एक जुनी छत्री. बस.

मी हुश्श केलं. मागं वळून बघते तर ठोंबरे मॅडमचा चेहरा आणखी पांढरा पडलेला.

"मॅडम, कुणी नाहीये हो!"

"तीच तर भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "माणूस असता तर उतरवून तरी दिला असता!"

*

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला, मान हलवली. डॉक्टर मान हलवतात ना, नातेवाइकांना बाहेर बोलावून, अगदी तशी.

"मॅडम, कोणत्या रोडनं जाता?"

"कन्नड रोडनं."

"इंजिन पडंल."

"कुठं?"

"ते कसं सांगू? कुठंबी पडंल."

एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली गेला. चार दिवस त्याच्याकडं चकरा मारल्या. रोज "उद्या बघू". आणि रोज आम्हाला त्याच गाडीनं शाळेला जाणं भाग, कारण सकाळची एस.टी. आमच्या गावात पोहोचते तेव्हा प्रार्थना होऊन गेलेली असते.

ते चार दिवस! मी स्टिअरिंग असं धरायचे की तळहाताला वळ उठायचे. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता गेलं. आरशात मागचा रस्ता बघायचे, आपलं काही पडलंय का. शबाना, जी एरवी अखंड बोलते, ती गप्प. मागं ठोंबरे मॅडम दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून बसलेल्या.

"मॅडम, इंजिन पुढं असतं," शबाना म्हणाली.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण पडल्यावर ते मागूनच जाईल ना!"

*

पाचव्या दिवशी शबाना बोलली. शाळेच्या मागं गाडी उभी होती, मधली सुट्टी चालू होती.

"सुरेखा, बॉनेट खोल. मी बघते."

मला माहीत होतं की तिच्या अब्बांचं शहरात गॅरेज होतं. पण दोन वर्षांत तिनं माझ्या गाडीला कधी बोटही लावलं नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर मागितला तरी "माझ्याकडं नाय" म्हणायची.

"तू बस आत. हँडब्रेक लाव, ब्रेक पूर्ण दाब. पहिला गिअर टाक आणि क्लच हळूहळू सोड. नुसती लागेपर्यंत. पाय ब्रेकवरून काढायचा नाय. समजली?"

"आणि तू कुठं उभी राहणार?"

"बाजूला. समोर उभं राहायला मी काय येडी आहे का?"

ती बाजूला होती तरी माझा जीव जाग्यावर नव्हता. क्लच सोडत गेले तसं बॉनेटच्या खालच्या फटीतून मला दिसलं, बसलेली म्हैस उठावी तसं इंजिन एका बाजूनं वर आलं आणि धप्पकन खाली बसलं.

"बस! बस! बंद कर!"

शबानानं आत हात घालून दाखवलं. इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबर-लोखंडाचं माउंटिंग, त्यातलं रबर पार फाटून दोन तुकडे झाले होते. इंजिनाला उजवीकडं धरणारं काही उरलंच नव्हतं.

"लगेच पडणार नाय," ती म्हणाली. "बाकीची माउंटिंग आहेत. पण ह्याचा भार त्यांच्यावर येतोय. तीही जातील. बदलायला दोन तास लागतात. घरी होतं. मी करते."

मी अजून स्टिअरिंग धरून तशीच बसलेले. तिनं खिडकीतून आत बघितलं.

"आता कायकू थरथरतीस? इंजिन बंद झालं की."

"माझं व्हायचंय अजून!" मी म्हणाले.

*

माउंटिंग आणायला क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. मी, शबाना आणि माझे सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. त्यांना गाडीतलं काही कळत नाही. त्यांना फक्त चौकातून चक्कर मारायची होती.

पण दुकानदार बोलणार कुणाशी? नानांशी!

शबानानं मॉडेल सांगितलं, वर्ष सांगितलं, पेट्रोल सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नानांना विचारलं, "काका, कोणत्या साईडचं पायजे?"

नानांनी विचार केला आणि म्हणाले, "तुमच्या की माझ्या?"

"राइट," शबाना म्हणाली. "ड्रायव्हर बसल्यावर राइट."

दुकानदारानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "कोणतं गॅरेज बसवतंय?"

"घरी बसवणार."

"कोण?"

"मी."

त्यानं माउंटिंग बॉक्समधून काढलं, फाटक्याचा शबानानं मोबाइलवर आणलेला फोटो शेजारी धरून भोकं जुळवून दाखवली. माणूस वाईट नव्हता. पण मग आवाज खाली आणून सांगायला लागला, की त्याच्या ओळखीच्या एकानं घरी असंच काम काढलं, जॅक सरकला, आणि... पुढचं त्यानं सांगितलंच नाही, नुसता उजवा हात मनगटापासून दुमडून दाखवला.

मी शबानाकडं बघितलं. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

निघताना दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, इन्शुरन्स आहे ना?"

"हो, मार्चपर्यंत आहे गाडीचा."

"गाडीचा नाय विचारत मी!"

*

त्या दुकानातून परत येताना शबानानं सांगितलं. ती नववीत होती. अब्बांचा डबा घेऊन गॅरेजवर गेली, तेव्हा ते एका गाडीचं इंजिन जॅकवर घेऊन काम करत होते. ती दारात पोहोचली आणि जॅक सरकला. अब्बांची दोन बोटं गेली. तिनं हातातला डबा खाली टाकला नाही, म्हणाली, तसाच धरून उभी राहिली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत. त्यानंतर अब्बांनी ती गाडी अर्धवट तशीच परत दिली आणि गॅरेज पुन्हा उघडलं नाही.

"मग कशाला करतेस?" मी म्हणाले. "दुसरा मेकॅनिक शोधू. मी रजा टाकते."

"त्यांनी शिकवलंय मला सगळं," ती म्हणाली. "बारा वर्षांची होते तेव्हापासून. मला येतं, सुरेखा. येतं आणि करत नाय. रोज त्या गाडीत बसते, आवाज ऐकते, मला कळतं काय झालंय, आणि मी खिडकीबाहेर बघते."

नाना मागच्या सीटवर होते. त्यांना कमी ऐकू येतं, असं आम्ही समजतो. घर आल्यावर उतरताना ते शबानाला म्हणाले, "रविवारी किती वाजता येतीस? मी अंगण झाडून ठेवतो."

*

रविवारी सकाळी नऊला ती आली. भावाकडून मोठा चाकांचा जॅक आणला होता, शिवाय पान्यांची पेटी. गाडी अंगणात सपाट फरशीवर लावली. चारही चाकांना पुढून-मागून विटा. हँडब्रेक. बॅटरीची वायर काढली. बांगड्या काढल्या, ओढणी काढून दोरीवर टाकली.

"कुणीबी गाडीखाली जायचं नाय," तिनं सांगितलं. "इंजिनाला खालून आधार देणार, काम वरून करणार."

तेवढ्यात ठोंबरे मॅडम आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीत कापूस, पट्ट्या, मलम, ग्लुकोज. अंगणातल्या खुर्चीत बसल्या आणि मोबाइलवर अँब्युलन्सचा नंबर काढून, हिरव्या बटनावर अंगठा धरून ठेवला.

"मॅडम, काही होणार नाही."

"तुमचं चालू द्या. मी नुसती तयार आहे."

शबानानं बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारलं आणि पहिल्या बोल्टला पाना लावून जोर दिला. कड्डाक! बोल्ट सुटला, पण तो आवाज! मी किंचाळले, नाना उठून उभे राहिले, आणि ठोंबरे मॅडमचा अंगठा दाबला गेला.

पलीकडून आवाज आला, तो आम्हालाही ऐकू आला. "बोला मॅडम, पेशंटला काय झालंय?"

मॅडम गोंधळल्या. एकदा शबानाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अजून नाही झालं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "थोडं थांबता का?"

*

आता पुढचं सांगते.

इंजिनाच्या खाली तेलाची टाकी असते, पातळ पत्र्याची. जॅक थेट तिला लावायचा नाही, मध्ये जाड लाकूड द्यायचं. शबानानं मला विचारलं होतं, "जाड लाकूड आहे ना घरात?" आणि मी तोऱ्यात म्हणाले होते, "आहे की!" आणि जेवायला बसायचा जुना पाट आणून दिला होता. खालच्या पट्ट्या निघालेला, पण चांगला रुंद. तिनं उलटसुलट करून बघितला. "चालंल का हा?" मी म्हणाले, "सागवानी आहे!" मला काय माहीत सागवानी आहे का? लग्नाच्या आधीपासून घरात होता, म्हणून म्हणाले.

सगळं नीट चाललं होतं. इंजिन पाटावर टेकलं, जुनं माउंटिंग निघालं. शबाना खाली वाकून, डावा हात आत घालून, नव्याची जागा पुसत होती. पाना तिनं तिथंच कडेला ठेवला होता.

पाट फुटला. उभा, मधोमध.

आवाज मोठा नव्हता. इंजिन दोन बोटं खाली आलं, एवढंच. पण शबानाच्या तोंडून काहीच आवाज आला नाही, ते जास्त भयंकर होतं. तिचा हात मनगटापर्यंत आत होता आणि तो बाहेर येत नव्हता.

"शबाना?"

"पाना मध्ये आलाय," ती अगदी हळू म्हणाली. "पान्यावर टेकलंय. बोटं अडकलीत. तुटली नायेत. पण पाना सरकतोय, सुरेखा."

मी त्या जॅककडं धावले, तशी शबाना म्हणाली, "त्याला हात लावू नको! तुकड्यांवर टेकलाय, हलला तर अजून खाली येईल. डिकीतला जॅक काढ. दुसरीकडं लाव. लाकूड..."

लाकूड! कुठलं लाकूड? माझं डोकं पूर्ण रिकामं झालं. मी अंगणात गोल फिरले, खरंच गोल फिरले. नाना, ज्यांना गुडघ्यामुळं पायरी चढवत नाही, ते पळत मोरीत गेले आणि धुणं धुवायची मोगरी घेऊन आले. जाड, अखंड लाकडाची.

मी फरशीवर आडवी झाले. डोकं बंपरच्या खाली गेलं. वर सगळं काळं, तेलकट, आणि त्यातून खाली टपकणारा एक थेंब. तो तेलाचा की रक्ताचा, ते मी बघितलं नाही. मोगरी लावली, खाली जॅक लावला, दांडा फिरवायला लागले. हात घामानं सटकत होते.

"उलटा फिरवतीस!" वरून शबाना ओरडली. "उलटा! दुसऱ्या बाजूनं!"

मी दिशा बदलली. तेवढ्यात तिचा आवाज बदलला. "सुरेखा, मला अंधारी येतीय."

ती पडली असती तर हात तिथंच राहिला असता.

मग मला ठोंबरे मॅडमची पावलं दिसली. खालून फक्त पावलंच दिसत होती. त्या शबानाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, तिला कमरेला धरलं आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "शबाना! सतराचा पाढा म्हण."

"मॅडम, नाय..."

"म्हण म्हणते ना! मोठ्यानं!"

"सतरा एके सतरा," शबाना म्हणाली. "सतरा दुणे चौतीस."

मी दांडा फिरवत होते.

"सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे..."

"पुढं!"

"पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा साते एकशे एकोणीस."

मोगरी वरच्या पत्र्याला टेकली. दांडा जड झाला. मी दोन्ही हातांनी ओढला.

"सतरा आठे एकशे चौतीस."

"चुकलं!" ठोंबरे मॅडम कडाडल्या. "गणिताच्या बाई ना तुम्ही? परत!"

"एकशे छत्तीस," शबाना म्हणाली. "सतरा नवे एकशे त्रेपन्न..."

आणि वरून काहीतरी खणकन फरशीवर पडलं. पाना होता. मी बाहेर आले तेव्हा शबाना अंगणात खाली बसली होती, मांडीवर स्वतःचा हात घेऊन, आणि एक-एक बोट मोजत होती.

"पाच," ती म्हणाली. मग परत पहिल्यापासून मोजायला लागली.

*

जवळच्याच दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत. दोन नखं काळी पडली होती, कातडी सोलली होती. मी रस्ताभर रडत होते. पाट मी दिला होता ना!

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि म्हणाले, "उद्या कुणालातरी बोलावू. ओढून नेऊ दे गाडी."

शबानानं चहा संपवला. पट्टी बांधलेला हात बाजूला ठेवला आणि उजव्या हातानं पाना उचलला.

"चार बोल्ट राहिलेत," ती म्हणाली. "अर्धी गाडी सोडून मी घरी जाणार नाय."

मला नको म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि उठले. मोठा जॅक परत लावला, या वेळी मध्ये मोगरी देऊन. ती सांगत गेली, मी करत गेले. बोल्ट आधी हातानंच फिरवायचे, सगळे लागले की मगच आवळायचे. शेवटचा बोल्ट भोकाला काही केल्या जुळेना. इंजिन केसभर बाजूला होतं. मी हात आत घालायला तयार नव्हते आणि शबानाला मी घालू देत नव्हते. शेवटी नाना आले, त्यांनी इंजिनाला वरून तळहात लावला आणि हळूच ढकललं. बोल्ट सर्रकन आत गेला.

"नाना, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं काय कळतं?" ते म्हणाले. "चौकटीत दार बसवताना असंच ढकलतात!"

बॅटरीची वायर परत जोडली. मग चावी फिरवायची वेळ आली. सगळे लांब जाऊन भिंतीमागं उभे राहिले. सगळे म्हणजे माझ्याशिवाय सगळे! मी डोळे मिटले आणि चावी फिरवली.

काहीच नाही. एक घरघर आली आणि शांत. स्टिअरिंग थरथरत नाही, डॅशबोर्ड वाजत नाही, आरसा हलत नाही. एवढं सगळं करून गाडी मेली. मी परत चावी फिरवली आणि आतून असा कर्रर्र आवाज आला की शेजारचे गॅलरीत आले.

"अगं चालूच आहे!" शबाना भिंतीमागून ओरडली. "चालू गाडीला परत कायकू स्टार्टर मारतीस?"

ठोंबरे मॅडम हळूहळू पुढं आल्या. बॉनेटला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"सुरेखा," त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं हलत होतं ते काय होतं?"

*

हा शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा होता. शबाना प्रशिक्षणाला गेलेली, म्हणून गाडीत आम्ही दोघीच. ठोंबरे मॅडम नेहमीसारख्या मागं. संध्याकाळचे पाच, चांगला उजेड. खुलताबाद मागं टाकलं आणि माझ्या डाव्या डोळ्यासमोर चमचमणारी नागमोडी रेघ यायला लागली.

मला अर्धशिशी आहे. वर्षातून एकदा-दोनदा येते. आधी ती रेघ, मग अर्धं दिसणं बंद. पण गाडी चालवताना कधी आली नव्हती. समोरून येणारी जीप मला अर्धीच दिसली. कसाबसा ब्रेक दाबला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मॅडम," मी म्हणाले, "मला दिसत नाहीये."

मला वाटलं आता त्या ओरडतील, फोन लावतील, देवाचं नाव घेतील. समोर दौलताबादचा घाट उतरायचा होता. मला मळमळायला लागलं. घरी फोन करावा तर नानांना गाडी येत नाही, नवरा पुण्यात.

मागचं दार उघडलं, बंद झालं. मग माझं दार उघडलं.

"सरक पलीकडं," ठोंबरे मॅडम म्हणाल्या.

"मॅडम?"

"सरक गं."

मी कशीबशी शेजारच्या सीटवर गेले. त्या बसल्या. सीट पुढं ओढली. आरसा स्वतःच्या नजरेला लावून घेतला. पदर कमरेला खोचला. क्लच दाबून गिअर हलवून बघितला, मागं एकदा नीट बघितलं, आणि गाडी रस्त्यावर घेतली. एक धक्का नाही, एक गचका नाही.

घाटात त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि तसाच ठेवला. ब्रेकवर नुसता पाय टेकवत, वळणाच्या आधी हॉर्न देत, एका लयीत त्या गाडी उतरवत होत्या. मी वीस वर्षं गाडी चालवतेय, मला असा घाट उतरता येत नाही.

"मॅडम, तुम्हाला गाडी येते?"

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "बरं वाटेल."

मी मिटले. थोड्या वेळानं गाडी थांबली. मला वाटलं उतार संपला, घाट उतरून खाली आलो. डोळे उघडले तर आम्ही मधल्याच एका वळणावर होतो, कठड्याला लागून. इंजिन बंद. हँडब्रेक वर ओढलेला. शेजारची सीट रिकामी.

माझा एकच डोळा काम करत होता. त्यानं जेवढं दिसलं तेवढं सांगते. ठोंबरे मॅडमनी कठड्यापासून चार पावलांवर चपला काढल्या होत्या. अनवाणी पुढं जाऊन उभ्या होत्या. खाली दरीत बघत नव्हत्या. कठड्याच्या एका दगडावर हात ठेवला होता, तेवढंच. त्यावर कोरलेल्या नावाचा मला अर्धा भागच दिसला: ठोंबरे. वरून गाड्या उतरत होत्या, हॉर्न वाजत होते, त्यांनी मान वळवली नाही.

मग त्यांनी पदरानं तो दगड पुसला. चपला घातल्या. परत येऊन बसल्या, पट्टा लावला, चावी फिरवली.

मला भीती वाटत होती, पण कशाची ते सांगता येत नव्हतं.

"मॅडम, इथं..."

"मागून ट्रक येतोय," त्या आरशात बघत म्हणाल्या. "त्याला आधी जाऊ दे."

ट्रक गेला. त्यांनी उजवा इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.